‘आवाज नाही’ आणि ‘शांतता’ यात फरक आहे

वाचकांचे प्रश्न, संशोधनाविषयी

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी सोलापूरचीच, पूर्व भागात राहते. समाजशास्त्रात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष संपत आलं. विषय आहे बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्यांतल्या कामगारांचे अनुभव. गाईड म्हणाले फेनॉमेनॉलॉजिकल मेथड घे, म्हणजे माणसाला अनुभव जसा जाणवतो तसाच समजून घ्यायची पद्धत, मी घेतली. या विचाराचा जनक हुसर्ल, तो वाचायला बसले तर वीस पानांत डोकं गरगरायला लागलं, मग ही पद्धत संशोधनात कशी वापरायची ते सांगणारे जिऑर्जी आणि मोस्टाकस वाचले, त्यांच्यात निदान पायऱ्या तरी दिल्यात, पण त्या पायऱ्या केल्यावर हातात जे येतं ते पेपरातल्या बातमीसारखं वाटतं. नऊ इंटरव्ह्यू झालेत, त्यातले पाच तेलुगूत. थीम्स निघाल्या त्या अशा: आर्थिक अडचण, मुलांचं शिक्षण, व्यसन, मानसिक ताण. गाईड म्हणाले हे तर सर्व्हे करून पण आलं असतं. वर प्रोग्रेस रिपोर्टच्या वेळी कमिटीतल्या एका सरांनी सगळ्यांसमोर विचारलं की गृहीतक कुठाय आणि नऊ माणसांवर पीएचडी कशी होते, मला तिथंच रडू आलं. आणि ब्रॅकेटिंग म्हणजे नेमकं काय करायचं? माझे वडील स्वतः मागावर होते, मी ते सगळं बाजूला कसं ठेवू? एका इंटरव्ह्यूचा तुकडा सोबत पाठवतेय.
– एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: तुमचं पत्र आलं आणि मी ते तीनदा वाचलं, कारण यातला एकेक प्रश्न मला माझ्या पीएचडीच्या वेळी पडलेला आहे आणि तेव्हा विचारायला जवळ कोणी नव्हतं. आधी थीम्सचं बोलू, कमिटीचं नंतर, कारण पहिलं सुटलं की दुसरं बरंचसं आपोआप सुटतं.

तुम्ही पाठवलेला तुकडा वाचकांसाठी इथे देते. कामगार साठीच्या पुढचे, अडतीस वर्षं मागावर काढलेली. तुमचा प्रश्न: ‘काम बंद झाल्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला?’ त्यांचं उत्तर, तुम्ही मराठीत केलेलं: ‘आता घरी शांतता असते. रात्री झोप लागत नाही. पूर्वी कारखान्यात खूप आवाज असायचा.’ समासात तुम्ही लिहिलंय ‘मानसिक ताण, निद्रानाश’.

हे वाचून मला काहीतरी खटकलं, म्हणून मी तुम्हाला फोन करून मूळ तेलुगू वाक्य विचारलं. तुम्ही रेकॉर्डिंग ऐकून सांगितलंत, ते म्हणाले होते ‘चप्पुडु लेदु’. आवाज नाही. बास, एवढंच. आता बघा की, आपण मराठीत शांतता कधी म्हणतो? पोरं शाळेत गेली की घरात शांतता, सिद्धेश्वराच्या देवळात पहाटे तळ्याकाठी बसलं की शांतता. ती आपल्याला हवी असते, आपण ती मागतो. त्या माणसाने शांतता म्हटलंच नव्हतं. एक गोष्ट नाहीये एवढंच ते सांगत होते, आणि जी नाहीये तिचं नावसुद्धा घेत होते. तुमच्या एका शब्दाने ती गोष्ट पुसली गेली आणि त्या जागी निद्रानाश आला, जो कुठल्याही डॉक्टरच्या फॉर्मवर असतो. यात तुमची चूक काढायची म्हणून मी हे लिहीत नाहीये. फेनॉमेनॉलॉजी नेमकी इथे, एवढ्याशा जागेत असते, आणि पुस्तकातल्या पायऱ्यांमध्ये ही जागा दिसत नाही म्हणून सांगतेय.

हुसर्लचं थोडं सांगते म्हणजे त्याची भीती जाईल. एडमुंड हुसर्ल 1859 साली मोराव्हियातल्या एका गावात जन्मला, आज ते गाव चेक देशात येतं. घरचा धंदा कपड्यांचा, म्हणजे आपल्या गावाला अगदीच परका माणूस नाही. त्याची डॉक्टरेट गणितातली. तत्त्वज्ञानाकडे तो नंतर वळला, 1900-01 मध्ये त्याचा पहिला मोठा ग्रंथ आला आणि 1913 च्या ग्रंथात त्याने हे ब्रॅकेटिंग नीट मांडलं. त्याचं म्हणणं असं की आपण रोज जगतो ते गृहीत धरून जगतो, जग आहे, ते असं असं आहे, अमक्यामुळे तमकं होतं, आणि हे इतकं सवयीचं झालेलं असतं की गोष्ट आपल्याला जशी दिसते, जशी जाणवते, ते बघायचं राहूनच जातं. म्हणून त्याने गणितातला कंस घेतला. कंसात टाकलेलं पद तुम्ही खोडत नाही, खोटंही म्हणत नाही, फक्त सध्या त्याच्यावर हिशोब चालवत नाही. एवढंच ब्रॅकेटिंग. वडील मागावर होते हे विसरा असं हुसर्ल सांगत नाही, कोणी सांगितलं तरी ते जमणार नाही. त्याच्या नंतरचा फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती 1945 मध्ये सरळ लिहून गेला की या सगळ्या खटाटोपातून मिळणारा सगळ्यात मोठा धडा म्हणजे तो कधीच पूर्ण होत नाही.

मग करायचं काय? एक शंभर पानी वही घ्या आणि इंटरव्ह्यूच्या आधी तुमचं जे काही आहे ते सगळं तिच्यात उतरवा. बाबा पाळी संपवून यायचे तेव्हा केसांत कापसाचे तंतू असायचे, ते घरातसुद्धा ओरडून बोलायचे कारण दिवसभर त्या खडखडाटात तसंच बोलावं लागायचं, कारखाना बंद झाला तेव्हा आई काय म्हणाली, तुम्हाला राग कोणाचा आला. राग आवर्जून लिहा. मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मुलाखत शब्द न शब्द उतरवलेली, वाचताना ही वही शेजारी उघडी ठेवायची आणि प्रत्येक थीमला विचारायचं, ही समोरच्या माणसाकडून आली का माझ्या वहीतून आली? तुम्ही मागाहून पाठवलेल्या नऊही इंटरव्ह्यूंत मी तुमची ‘व्यसन’ ही थीम शोधली, तुमच्या सारांशात ती सहा ठिकाणी आहे, पण कामगारांच्या तोंडी दोनच ठिकाणी. बाकी चार कुठून आल्या ते तुम्हीच वहीत बघा. आणि ही वही एकदा लिहून संपत नाही, प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर तिच्यात भर पडते, माझ्या वह्या तीन झाल्या होत्या.

आता प्रश्न विचारायची पद्धत. ‘काय परिणाम झाला’ असं विचारलं की माणूस कारण आणि परिणाम जुळवायला बसतो, म्हणजे तो स्वतःच्या आयुष्यावर मत देतो, आणि मतं सगळ्यांची सारखीच असतात, कारण ती आपण सगळे एकाच टीव्हीवरून आणि एकाच चहाच्या टपरीवरून उचलतो. आपल्याला मत नकोय, घडलेलं पाहिजे. एक रात्र, एक सकाळ, एकच प्रसंग. माझा प्रबंध विडी कामगार बायकांवर होता आणि पहिले चार महिने मी प्रत्येकीला विचारत होते की विड्या वळताना काय त्रास होतो, आणि प्रत्येक जण पाठ, मान, डोळे, तंबाखूची धूळ सांगायची, जे खरंच होतं, पण मला ते आधीपासून माहिती होतं. मग एक आजी म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही त्रासच इचारलाव, म्हणून त्रासच सांगितलं.’ त्या दिवशी मी प्रश्न बंद केले आणि त्यांना म्हटलं, आज सकाळी पान भिजत घातल्यापासून सांगा. त्यांनी सांगता सांगता सूप मांडीवर ओढलं, पान कापलं, चिमटीत तंबाखू घेतली आणि थोडी परत टाकली. मी विचारलं का टाकली, म्हणाल्या जास्त झाली. डोळे माझ्याकडे होते त्यांचे. कळलं कसं विचारलं तर त्यांना सांगता येईना, त्या नुसती बोटं एकमेकांवर घासत राहिल्या. त्या घासणाऱ्या बोटांवर माझं एक पूर्ण प्रकरण उभं राहिलं.

म्हणून फोनवर मी तुम्हाला म्हटलं, परत जा आणि त्यांना फक्त कालची रात्र विचारा. तुम्ही गेलात, आणि जे घेऊन आलात ते मी तुमच्या परवानगीने इथे छापतेय. यावेळी तुम्ही तेलुगू शेजारी ठेवूनच मराठी केलंय, ते छान केलंत:

‘चोवीस माग चालायचे, त्यातले दोन माझे. एवढ्या खडखडीत माझा एक थांबला की पाठ असली तरी कळायचं. कांडी संपली नाहीतर धागा तुटला. मी वळायचो. आता रात्री जाग येते, वाटतं माग थांबलाय. उठून बसतो. मग ध्यानात येतं, तो थांबलेलाच आहे.’

किती वेळ मी या पाच ओळींसमोर बसून होते. आता जिऑर्जीच्या पायऱ्या इथे लावू, म्हणजे त्या कशासाठी आहेत ते दिसेल. अमेडिओ जिऑर्जी हा अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ, हुसर्लचं तत्त्वज्ञान मुलाखतींच्या संशोधनात कसं वापरायचं हे त्याने बसवलं. पहिलं, सगळं एकदा वाचायचं, काहीही न लिहिता. दुसरं, अर्थ जिथे वळतो तिथे रेघ मारायची. इथे मी तीन रेघा मारीन: ‘कळायचं’ नंतर, ‘वळायचो’ नंतर आणि ‘उठून बसतो’ नंतर. तिसरं, प्रत्येक तुकडा त्याचं त्याचं म्हणणं न मोडता अभ्यासाच्या भाषेत सांगायचा. म्हणजे पहिल्या तुकड्यात आवाज हा त्यांच्यासाठी त्रास नाही, आवाज म्हणजे सगळं नीट चाललंय, आणि ते तो आवाज ऐकतही नाहीत, तो असतो. ऐकू येतं ते थांबणं. दुसऱ्यात थांबणं ही हाक आहे आणि उत्तर शरीर देतं, विचार करून नाही, वळून. तिसऱ्यात आणि शेवटच्यात तीच हाक अजून येते, शरीर अजून उत्तर देतं, उठून बसतं, पण वळायला माग नाही.

मर्लो-पाँतीने आंधळ्याच्या काठीचं उदाहरण दिलंय, की सवय झाली की काठी ही हातात धरलेली वस्तू राहत नाही, काठीच्या टोकाला स्पर्श कळायला लागतो. या माणसाची पाठ तशीच दोन मागांपर्यंत पोचलेली होती. माग भंगारात गेले, पाठ अजून तिथवर पोचतेय. आता हे ‘मानसिक ताण’ या खान्यात टाकून बघा, बसतं का?

चौथी पायरी मला सगळ्यात आवडते, कल्पनेत बदल करून बघायचं. समजा या माणसाला चांगली पेन्शन असती, तरी तो उठून बसला असता का? मला वाटतं बसला असता. म्हणजे पैसा हा या अनुभवाचा गाभा नाही, तो दुसऱ्या अनुभवांचा असेल. समजा त्याला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं असतं, आवाज तेवढाच, पण काम वॉचमनचं? मला वाटतं तरीही उठून बसला असता, कारण तो आवाज त्याला हाक मारत नाही. आणि समजा त्याचेच दोन माग घराच्या पडवीत चालू असते? मग प्रश्नच नव्हता. असं एकेक काढत गेलं की जे काढल्यावर अनुभव तोच राहत नाही, ते हाताला लागतं. मात्र ही कल्पना मी माझ्या खुर्चीत बसून केलीय, तुम्ही ती बाकीच्या आठ इंटरव्ह्यूंवर घासून बघा, तिथे ती तुटली तर तुटू द्या, तुटली की नवीन काहीतरी सापडतं.

तेलुगूचं एकच सांगते. पाचही ट्रान्सक्रिप्ट तेलुगूतच ठेवा, देवनागरीत लिहिलेली चालतील, रेघा त्याच्यावरच मारा, मराठी शेवटी करा. आणि जिथे शब्द अडला तिथे तो अडला म्हणून लिहा. ‘चप्पुडु लेदु’ याचं भाषांतर मी शांतता केलं आणि ते का चुकलं, यावर तुमच्या मेथडॉलॉजीच्या प्रकरणात दोन पानं येऊ द्या. परीक्षक ती पानं आवडीने वाचतील असा माझा विश्वास आहे.

आता कमिटी. त्या सरांचा प्रश्न तुम्हाला लागला हे समजतं, पण सर्व्हे करणाऱ्या माणसाच्या जागी बसून बघितलं तर तो प्रश्न बरोबर आहे, तिथे गृहीतक लागतं आणि माणसं भरपूर लागतात. तुम्ही शांतपणे सांगायचं की सर, गृहीतक म्हणजे उत्तराचा आधीच केलेला अंदाज, आणि माझ्या पद्धतीत नेमका तोच अंदाज कंसात ठेवायचा असतो, म्हणून माझ्याकडे संशोधन-प्रश्न आहे, गृहीतक नाही. नऊचं उत्तर असं की सोलापुरातल्या किती टक्के विणकरांना झोप लागत नाही हे मी सांगायला निघालेलीच नाही. मी एक अनुभव कसा घडलेला आहे ते सांगतेय, आणि त्याला खोल बोलणारी थोडी माणसं लागतात. जिऑर्जी निदान तीन म्हणतो. मानसशास्त्रज्ञ जोनाथन स्मिथच्या आयपीए (इंटरप्रिटेटिव्ह फेनॉमेनॉलॉजिकल अ‍ॅनालिसिस) या पद्धतीतसुद्धा विद्यार्थ्याला तीन ते सहा माणसं पुरतात असं सांगतात. तुमच्याकडे नऊ आहेत. दहावा शोधू नका, आहे त्या नऊ जणांकडे परत जा.

प्रश्न: मॅडम, मी नर्सिंग कॉलेजला शिकवते आणि पीएचडी करते. डायलिसिसवर असलेल्या पेशंटचे अनुभव हा विषय. जिऑर्जी, कोलायझी, आयपीए या फेनॉमेनॉलॉजीच्याच तीन पद्धती, यातली कोणती घेऊ? सगळ्यांतलं चांगलं चांगलं घेतलं तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: नाही चालणार, आणि का ते एका उदाहरणात सांगते. कोलायझीच्या 1978 च्या पद्धतीत शेवटची पायरी अशी की तुमचं लिखाण पेशंटला परत दाखवायचं आणि विचारायचं, असंच होतं ना? जिऑर्जी याच्या विरोधात आहे, त्याचं म्हणणं पेशंट स्वतःच्या रोजच्या नजरेतून सांगतो, विश्लेषण वेगळ्या नजरेतून होतं, ते बरोबर का चूक हे त्याला कसं विचारणार. आता तुम्ही दोघांना एका प्रकरणात बसवलंत तर व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न तिथेच येणार. आयपीए ही स्मिथची, 1996 पासूनची, ती तर उघडच अर्थ लावते: पेशंट त्याच्या आजाराचा अर्थ लावतोय आणि तुम्ही पेशंटच्या अर्थाचा अर्थ लावताय. तिची नाळ हुसर्लपेक्षा हायडेगरकडे जास्त जाते, म्हणजे अर्थ लावण्यावर भर देणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञाकडे.

तुम्ही नर्स आहात, वर्षानुवर्षं ते मशीन लावताय, मला वाटतं तुम्हाला आयपीए जास्त मानवेल, कारण तुमचं असणं त्यात लपवावं लागत नाही. पण ठरवायच्या आधी एकाच पेशंटचा इंटरव्ह्यू जिऑर्जीप्रमाणे आणि आयपीएप्रमाणे असा दोनदा करून बघा, पंधरा दिवस लागतील, पण मग निवड तुमची असेल. आणि तुमच्याच वॉर्डातला पेशंट घेऊ नका. ज्या हातांनी सुई टोचायची त्याच माणसाला तो खरं सांगेल का याचा विचार करा, संमतीपत्रावर सही असली तरी.

प्रश्न: मी पंढरपूरजवळच्या गावची, आमच्या घरात चार पिढ्यांची वारी. मला बायकांच्या पहिल्या वारीचा अनुभव यावर फेनॉमेनॉलॉजी करायचीय. एक मैत्रीण म्हणाली तुझी श्रद्धा आहे म्हणजे तुला हे करताच येणार नाही. खरंय का?
– एक वाचक, पंढरपूर तालुका

उत्तर: मैत्रिणीने अर्धं बरोबर सांगितलंय. विठ्ठल आहे का नाही, हा प्रश्न तुम्हाला कंसात ठेवावा लागेल. पण ज्याची श्रद्धा नाही त्यालाही तो तसाच कंसात ठेवावा लागेल, त्याचं ‘नाही’ सुद्धा गृहीतच आहे. दोघांचं काम सारखंच अवघड आहे.

कंस घातला म्हणजे विठ्ठल अभ्यासातून गेला असं मात्र नाही. हुसर्लच्या म्हणण्यातली मोठी गोष्ट ही की जाणीव नेहमी कशाची तरी असते. ती बाई बघतेय तर कोणाला तरी बघतेय, आणि तिला तो कसा दिसला, जवळ का लांब, ओळखीचा का अनोळखी, तो तिच्याकडे बघत होता का, हे सगळं तुमच्या अभ्यासाच्या आत आहे. तासन्‌तास दर्शनबारीत उभं राहायचं आणि पायावर डोकं टेकायला मिळतो एक क्षण, मागचे हात पुढे ढकलतात. घड्याळात तो क्षण काहीच नाही. पण तिच्या सांगण्यात तो किती मोठा आहे, बारीतले तास कुठे गेले, हे विचारलंत तर फेनॉमेनॉलॉजीचा अभ्यासक व्हॅन मानेन ज्याला जगलेला काळ म्हणतो, म्हणजे घड्याळातला नव्हे तर जाणवलेला, तो तुम्हाला आपल्याच बोलीत मिळेल. कोणी कळसालाच हात जोडून परत फिरते आणि म्हणते, झालं माझं दर्शन. या ‘झालं’मध्ये काय झालं, माझ्या मते तुमचा संशोधन-प्रश्न इथेच आहे.

सुरुवात स्वतःपासून करा. तुमची पहिली वारी, कितव्या वर्षी, कोणाचा हात धरून, पाय कधी दुखायला लागले, हे सगळं आधी लिहून काढा आणि गाईडना वाचायला द्या. ते सँपलमध्ये मोजायचं नाही. आणि एक विनंती, आषाढीच्या बारीत किंवा पालखीच्या मुक्कामावर माईक पुढे करू नका. बायका चालून थकलेल्या असतात, आणि त्या वेळी त्या अनुभवाच्या आत असतात, सांगायला बाहेर आलेल्या नसतात. तिथे नुसतं बरोबर चाला, नाव आणि गाव लिहून घ्या. पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी जा, दुपारच्या वेळी, भाकऱ्या उरकल्या की.